पाहुण्यांची पहिली टाळी

शिक्षक घडवणाऱ्या त्या महाविद्यालयात शरीराला कुणी विचारत नव्हतं. मानसशास्त्राच्या वर्गाला पडदे होते, अध्यापन पद्धतीच्या वर्गाला नवा फळा होता, आणि व्यायामशाळेत परीक्षेचे मोडके बाक रचून ठेवले होते. ते बाजूला सारून ड्रिलबाई तास घ्यायची. तोही मिळाला तर. कुणाचा अभ्यासक्रम मागे पडला की पहिला बळी तिच्या तासाचा. "मॅडम, आजचा तास द्या ना आम्हाला, नाहीतरी तुमच्या पोरांना उड्याच मारायच्या असतात," असं म्हणणारे प्राध्यापक दुसरा जिना चढताना कठडा धरून धापा टाकायचे. आणि हेच लोक 'सर्वांगीण विकास' या विषयावर पुस्तकं लिहायचे.

तोंडावर मॅडम, पाठीमागे ड्रिलबाई. तिला दोन्ही ऐकू यायचं आणि दुसरं जास्त आवडायचं.

त्या वर्षी महाविद्यालयाची शंभरी भरली आणि प्राचार्यांना एकाएकी शरीराची आठवण झाली. त्यांनी ड्रिलबाईला बोलावून घेतलं, चहा मागवला. चहा आला तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

"भाषणं काय, सगळीच कॉलेजं ठोकतात," प्राचार्य म्हणाले. "आपण आपल्या शारीरिक शिक्षणाचा इतिहास मैदानावर उभा करू. आधी काठ्यांची कवायत, मग डंबेल्स, मग संचलन. आणि शेवटी मनोरा! टाळीवरचा मनोरा आपल्याशिवाय कुणाकडे होता, सांगा?"

"तो बंद झाला, सर."

"का बंद झाला?"

"माणूस पडलं म्हणून."

"एका मुलीचा धीर सुटला म्हणून. आपल्या इतिहासात तसं लिहिलंच आहे."

"ती मुलगी माझी बहीण."

प्राचार्यांनी कप बशीत ठेवला. "हो का? असो. जुनी गोष्ट. आता नीट ऐका. शिक्षण खात्याचे सगळ्यात मोठे साहेब प्रमुख पाहुणे म्हणून येतायत. त्यांना मनोरा आवडला, तर तुमच्या व्यायामशाळेला नवी फरशी. नाही आवडला, तर तिथे संगणक कक्ष. आता तुम्हीच बघा काय ते."

बाक उचलून उचलून ड्रिलबाईची कंबर गेली होती. ती हो म्हणाली.

या टाळीचीही एक गंमतच होती. महाविद्यालयाच्या पहिल्या ड्रिलमास्तरांकडे पितळी शिट्टी होती. पण व्यायामशाळेला लागूनच महाविद्यालयाची सराव शाळा, आणि तिथली मधली सुट्टीही शिट्टीवरच व्हायची. इकडे मास्तरांनी 'सावधान'ची शिट्टी मारली की तिकडे सगळी चिल्लीपिल्ली दप्तरं टाकून मैदानात! मुख्याध्यापिकेने भांडून भांडून शेवटी मास्तरांची शिट्टी बंद पाडली. मास्तर हट्टी. शिट्टी खिशात घातली आणि तळहात काढले. तेव्हापासून तिथली सगळी कवायत टाळीवर बसली. पिढ्या आल्या, पिढ्या गेल्या, शिट्टीचं भांडण विसरलं गेलं, टाळी तेवढी राहिली.

मनोऱ्याची टाळी अशी: चढताना एक टाळी, एक रांग. खाली धिप्पाड मुलांची रांग, त्यांच्या खांद्यांवर मधली रांग, आणि सगळ्यांत वर एकटी मुलगी, हात पसरून. खरी कला उतरण्यात. पहिल्या टाळीला वरचीने गुडघे वाकवायचे. दुसरीला समोरच्या झेलणाऱ्यांच्या हातात उडी घ्यायची. तिसरीला मधल्यांनी उतरायचं. आणि चौथी टाळी पडली की मगच खालच्यांनी खांदे सोडून मोकळं व्हायचं. दोन टाळ्यांच्या मध्ये श्वास घेण्याइतकी जागा.

ड्रिलबाईने वर उभी राहायला चिमणी निवडली. ही मुलगी अंगाने काडी आणि जिभेने कात्री.

"बाई, वरून तुमचा भांग वाकडा दिसतो," ती वरून ओरडायची.

"तू समोर बघ. खाली बघायला तुला पाठवलं नाही."

खाली डाव्या कोपऱ्याला एक आडदांड, अबोल मुलगा होता. त्याला सगळे खांब म्हणायचे. चिमणी त्याच्याच खांद्यावरून पाय देत वर जायची आणि रोज विचारायची, "काय रे खांबा, आज पोटभर जेवलास ना?" खांब लाजून मानही हलवायचा नाही, कारण मान हलली तर बाईंच्या शिव्या.

सोहळा दोन दिवसांवर आला. तालीम रंगात आली होती. चिमणी अजून वर गेली नव्हती, मधली रांग नुकतीच खांद्यांवर उभी राहिली होती. इतक्यात सराव शाळेची मधली सुट्टी झाली. पोरं कुंपणाशी गोळा झाली, मनोरा बघून त्यांचे डोळे विस्फारले, आणि सगळ्यांनी एकदम टाळ्या पिटायला सुरुवात केली.

खांबाचा खांदा गेला. शेजारच्याचा गेला. खालची सगळी रांग जणू कुणी दोरी ओढावी तशी मोकळी झाली आणि वरचे धपाधप गाद्यांवर कोसळले. एकाचं कोपर सोललं, दुसऱ्याची फक्त अब्रू गेली. पोरं हसली, आणखी टाळ्या पिटल्या.

"काय केलंस रे?" ड्रिलबाई खांबावर धावून गेली. "कुणी सांगितलं होतं सुटायला?"

खांब स्वतःच्या पायांकडे बघत होता, जणू ते दुसऱ्याचे होते. "बाई, टाळी झाली ना."

"माझी झाली का?"

"टाळी झाली," तो पुन्हा म्हणाला. "मी नाही सुटलो. पायच सुटले."

ड्रिलबाई कुंपणाकडे बघू लागली. टाळ्यांचा पाऊस पडला की त्यात कुठली पहिली आणि कुठली चौथी? प्रत्येक रांगेला आपापली टाळी एकदमच ऐकू येते. खालचे निघतात, वरची मात्र अजून हात पसरून उभी असते.

संध्याकाळी ती ताईच्या घरी गेली. ताई शिवणयंत्रावर बसली होती. तिचा एक पाय दुमडत नाही, म्हणून यंत्राला मोटर बसवून घेतलेली. मनोऱ्यावरून पडल्यानंतर महाविद्यालयाने तिला 'बेशिस्त' म्हणून घरी पाठवलं, आणि शिक्षिका व्हायला निघालेली ताई लोकांच्या बाह्या छाटत आयुष्यभर खोलीत बसली. ड्रिलबाई तेव्हा पाटीवर अक्षरं गिरवत होती.

"ताई, एक विचारू? तू पडलीस तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते का गं?"

यंत्र थांबलं.

"पाहुणे उभे राहिले होते," ताई म्हणाली. "उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांचं बघून अख्खं मैदान. मला वाटलं, आपणच जगाच्या वर आहोत. आणि मग पायाखाली काही नव्हतंच. मी शंभरदा सांगितलं, मी घाबरले नव्हते, खालचे निघून गेले. प्राचार्य म्हणाले, खालचे मुलगे शिस्तीचे आहेत. आपल्या आईने तरी विश्वास ठेवला का?"

"खालच्यांची चूक नव्हती, ताई. त्यांनी टाळी पाळली."

ताईने चष्मा काढला. मग एकदम उसळली, "आणि तू पुन्हा तेच करतेयस? कुणाची पोर वर चढवतेयस?"

"थांबवते. उद्याच थांबवते."

"थांबवून दाखव. त्या लोकांना टाळ्यांपुढे काही दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी ड्रिलबाईने सगळं करून पाहिलं. शिट्टी आणली, पोरं गोंधळली, एक चढला, एक तसाच राहिला, मधली रांग तिरकी झाली. 'बाहेरच्या टाळीकडे लक्ष देऊ नका' असं बजावून शिपायाला बाजूला टाळ्या वाजवायला उभं केलं. सगळे दात-ओठ आवळून उभे राहिले, पण खांबाचा गुडघा थरारून गेला. इतके आठवडे घोटून अंगात भरलेली गोष्ट एका दिवसात कशी निघणार? आणि घोटलं होतं कुणी? तिनेच.

ती प्राचार्यांकडे गेली. आज चहा नव्हता.

"मनोरा रद्द करा, सर. नाहीतर चिमणीला वर पाठवत नाही, दोन रांगांवर थांबते."

"बिनशेंड्याचा मनोरा? पत्रिकेवर काय छापलंय माहीत आहे? 'टाळीवर उभा राहणारा इतिहास'. साहेबांना काय दाखवू, अर्धा इतिहास?"

"मुलगी पडेल."

"मॅडम, तुमच्या घरात एकदा झालं म्हणून तुम्हाला सगळीकडे तेच दिसतं." मग त्यांनी आवाजात साखर घातली. "असं करू. मनोरा चढत असतानाच उपप्राचार्य माइकवरून सांगतील, मनोरा पूर्ण उतरेपर्यंत कृपया टाळ्या वाजवू नयेत. झालं समाधान?"

"आधीच सांगा ना."

"आधी सांगितलं तर लोक विसरतात. मुलगी चढत असताना सांगू, म्हणजे ताजं राहील."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर टाळी उपप्राचार्य वाजवतील. त्यात काय, कुणालाही वाजवता येते."

उपप्राचार्य शेजारच्या खुर्चीत होते. ते गालात हसले. या माणसाला स्वतःच्या बुटाची नाडी बांधायला खुर्ची लागायची, आणि तो चिमणीला उतरवणार होता! ड्रिलबाईच्या मस्तकात तिडीक गेली. पण आपण बाजूला झालो तर पोरगी या हातांत जाणार, हेही तिला लख्ख दिसलं. ती बाहेर आली.

सोहळ्याच्या दिवशी मैदान फुलून गेलं. पुढे ठेंगणा मंच, त्यावर झालर लावलेलं लांब टेबल, फुलदाण्या, पाण्याचे ग्लास. मधोमध साहेब, एका बाजूला प्राचार्य, टोकाला माइकजवळ उपप्राचार्य. मंचासमोर मोकळी जागा, गाद्या, आणि दोन्ही बाजूंना खुर्च्या. कडेच्या एका खुर्चीत ताई दिसली. येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. एवढ्या वर्षांत ताईने या फाटकात पाऊल टाकलं नव्हतं.

"कशाला आलीस?" ती जवळ जाऊन कुजबुजली.

"थांबवलंस का?"

"माइकवरून सांगणार आहेत."

"कोण? हे?" ताईने मंचाकडे हनुवटी केली. "मग मी आले ते बरंच केलं."

काठ्या झाल्या. साहेबांनी दोन बोटांनी टाळी वाजवली, लगेच सगळ्यांनी वाजवली. डंबेल्स झाले. साहेब प्राचार्यांशी बोलत होते, त्यांनी टाळी वाजवली नाही, तर कुणीच वाजवली नाही. पोरं घामाने निथळत उभी, आणि अख्खं मैदान साहेबांच्या हातांकडे बघतंय. शिकलेली माणसं सगळी! स्वतःला काय आवडलं हेही साहेबांचे हात बघून ठरवत होती. ड्रिलबाईने ते बघितलं आणि मनात ठेवलं.

उपप्राचार्य माइकवर आले. "आता आपल्या उज्ज्वल इतिहासातील मानाचं पान! टाळीवरचा मनोरा! एका विद्यार्थिनीचा धीर सुटल्यामुळे खंडित झालेली ही परंपरा आज पुन्हा..."

ड्रिलबाईने ताईकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हात उठला नसता.

तिने टाळी वाजवली. खालची रांग पाय रोवून उभी राहिली, खांदे जुळले. दुसरी टाळी. मधली रांग चढली. तिने मान वळवून माइककडे बघितलं. उपप्राचार्यांच्या हातात कागद होता, त्यांनी मान डोलावली: सांगतो, सांगतो. तिने तिसरी टाळी वाजवली. चिमणी निघाली. खांबाच्या मांडीवर पाय, खांद्यावर पाय. आज तिने त्याला जेवलास का म्हणून विचारलं नाही.

चिमणी मधल्या रांगेपर्यंत पोचली. माइक गप्प. ड्रिलबाईने पुन्हा बघितलं. उपप्राचार्य माइककडे वाकले आणि त्यांनी प्राचार्यांकडे बघितलं. प्राचार्यांनी डोळ्यांनी साहेबांकडे खूण केली आणि मान हलवली. नाही. साहेबांना टाळ्या वाजवू नका म्हणून कोण सांगणार? उपप्राचार्य सरळ झाले आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

आता चिमणीला अर्ध्यातून परत फिरवणारी टाळीच नव्हती. वर गेल्याशिवाय उतरण्याचा रस्ता या कवायतीत कुणी ठेवलेलाच नव्हता.

चिमणी उभी राहिली. डगमगली, सावरली, हात पसरले. अख्ख्या मैदानाने 'आऽऽ' केलं आणि श्वास धरला. आणि साहेबांनी हातातला ग्लास टेबलावर ठेवला. खुर्ची मागे सारली. ते उठले. दोन्ही तळहात वर आले.

ड्रिलबाई मंचाकडे पळाली. आयुष्यभर तिने पोरांना लाकडी घोड्यावरून उडी मारायला शिकवलं होतं: धाव, दोन्ही हात टेकव, पाय बाजूने. झालरीचं टेबल मंचासकट घोड्याहून ठेंगणंच होतं. एक फुलदाणी गेली, प्राचार्यांच्या मांडीवर पाणी सांडलं, आणि साहेबांचे तळहात एकमेकांना लागणार तोच तिने दोन्ही मनगटं पकडली. घट्ट. जशी ती पडणाऱ्या पोराची पकडायची.

"अहो! काय हे?" साहेब किंचाळले.

"हात हलवू नका. पोरगी पडेल."

"मॅडम! सोडा! डोकं ठिकाणावर आहे का?" प्राचार्य ओले कपडे सावरत उठले.

"साहेबांनी वाजवली की सगळे वाजवतील. वाजवू देणार नाही."

आणि खरंच, हजारभर हात हवेत तसेच राहिले. साहेबांनी टाळी वाजवली नव्हती. टाळी वाजवावी की नाही, कुणालाच कळेना. मैदान असं शांत झालं की झालर फडफडलेली ऐकू आली.

मग ड्रिलबाईला कळलं, आपण काय करून बसलो ते. चिमणी वर होती. मनोरा उतरवायला टाळी हवी. आणि तिचे दोन्ही हात साहेबांच्या मनगटांवर होते. सोडले तर हा माणूस नुसते हात झटकील, तीच टाळी समजून मैदान वाजवील, आणि खांबाचे पाय निघतील. न सोडले तर? खांबाच्या पिंढऱ्या थरथरत होत्या. मधल्या रांगेतला एकजण ओठ चावत होता. चिमणीचे पसरलेले हात हळूहळू खाली येत होते.

उपप्राचार्य माइकजवळ पुतळ्यासारखे उभे. कुणालाही वाजवता येते म्हणणारा माणूस!

"बाई," चिमणीचा बारीक आवाज आला. "बाई, टाळी."

तेव्हा कडेच्या खुर्चीचा पाय घासल्याचा आवाज झाला. ताई उठली होती. ताठ पाय ओढत ती गाद्यांच्या समोर, मनोऱ्याच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली. मान वर केली. तिने चिमणीकडे बघितलं आणि चिमणीने तिच्याकडे.

टाळी.

शिवणकामाने घट्टे पडलेल्या हातांची, कोरडी, खणखणीत. चिमणीने गुडघे वाकवले.

ताई थांबली. श्वास घेण्याइतकी. टाळी. चिमणी सुटली, हवेत आली आणि झेलणाऱ्यांच्या हातांत पडली. त्यातला एक मागे गादीवर बसला, पण हात सुटले नाहीत.

टाळी. मधले उतरले.

ताईने शेवटची टाळी लगेच दिली नाही. खांबाकडे बघत राहिली. त्याच्या खांद्यावर आता कुणी नव्हतं, तरी तो हलला नाही, डोळ्यांतून पाणी गळत होतं तरी हलला नाही. मग तिने चौथी टाळी वाजवली, आणि तो जमिनीवर बसला.

ड्रिलबाईने साहेबांची मनगटं सोडली. त्यांवर तिच्या बोटांचे लाल वळ उठले होते.

"आता वाजवा, साहेब," ती म्हणाली. "आता काही होत नाही."

साहेबांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग समोर गाद्यांवर बसून ढसाढसा रडणाऱ्या, मधूनच हसणाऱ्या त्या काडीसारख्या मुलीकडे. त्यांचे हात वर आले नाहीत. ते खुर्चीत बसले. त्यामुळे कुणीच टाळी वाजवली नाही.

"उद्या सकाळी माझ्या केबिनमध्ये," प्राचार्य दातांतून म्हणाले. "आणि फरशीचं विसरा आता. नोकरीचंही विसरा."

"माइक चालू आहे का?" ड्रिलबाईने उपप्राचार्यांना विचारलं.

त्यांनी नकळत मान डोलावली. ती माइकपाशी गेली.

"मघाशी तुम्हाला सांगितलं की एका मुलीचा धीर सुटला होता," ती म्हणाली. आवाज मैदानभर घुमला. "ती ही. हिच्या खालून मनोरा निघून गेला, कारण पाहुण्यांना टाळ्या वाजवायची घाई होती. तुम्ही आत्ता बघितलंत, धीर कुणाचा सुटतो ते." तिला आणखी बोलायचं होतं, पण माइकचा खटका कुणीतरी बंद केला.

ती मंचावरून उतरली, या वेळी पायऱ्यांनी. गाद्यांपाशी ताई ताठ पाय पसरून बसली होती आणि चिमणी तिचा हात सोडतच नव्हती.

"तुम्हाला कशा येतात बाईंच्या टाळ्या?" ती विचारत होती. "तुम्ही कोण?"

"मी?" ताई म्हणाली. "मी तुझ्याआधी वर उभी होते."

ड्रिलबाई जवळ आली तसं ताईने तिच्याकडे वर बघितलं. "घालवलीस ना नोकरी?"

"बहुतेक."

"बरं झालं. माझ्याकडे काज-बटणांचं काम साचलंय." मग तिने हात पुढे केला. "मला उठव आधी. पाय साफ मेलाय. आणि त्या खांबाला कुणीतरी पाणी द्या रे, पोरगा केव्हाचा उभा होता."